पहिली सुलोचना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'सुलोचना' हे नाव घेतले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येते? विष्णुपुरीला आमच्या कॉलनीत गेल्या वर्षी एक छोटासा कार्यक्रम होता. तिथे मी हाच प्रश्न विचारला. बायका एका सुरात म्हणाल्या, 'वहिनीच्या बांगड्या' आणि 'मोलकरीण'मधल्या सुलोचनादीदी! मागच्या रांगेतले दोन-तीन ज्येष्ठ गृहस्थ आधी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण. आणि विद्यापीठात शिकणारी एक मुलगी म्हणाली, 'सर, इंद्रजिताची बायको.' तिचे आजोबा गावच्या भजनी मंडळात, त्यामुळे सती सुलोचनेची कथा तिने लहानपणापासून ऐकलेली.

तिन्ही उत्तरे बरोबरच होती. पण आपल्या सिनेमाच्या भिंतीपत्रकावर ज्या बाईने हे नाव सर्वात आधी गाजवले, तिची आठवण कोणालाच झाली नाही. यात त्या मंडळींचा काही दोष नाही. बऱ्याच वर्षांपर्यंत मलाही ती ठाऊक नव्हती. त्या बाईचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म पुण्याचा, १९०७ सालचा. आणि घराणे बगदादी ज्यूंचे, म्हणजे यहुदी लोकांचे. आज आपण या पहिल्या सुलोचनेविषयी बोलणार आहोत.

माळेगावच्या यात्रेतली राणी

माझी ओळख तिच्याशी झाली ती आईमुळे. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आपल्याकडे कोणाला सांगायला नको. घोडे, गाढवे, उंट, तमाशाच्या राहुट्या, आणि एकेकाळी तंबूतला सिनेमा. आई तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. तिच्या मामाने तिला तंबूत नेऊन 'अनारकली' दाखवला. म्हणजे १९५३ सालचा, बीना राय आणि प्रदीप कुमार यांचा, सी. रामचंद्रांच्या संगीताचा. आपल्याकडे सिनेमा जरा उशिराच यायचा. त्या चित्रपटातली गाणी आईला शेवटपर्यंत पाठ होती. पण अनारकलीपेक्षा तिच्या मनात बसली होती ती सलीमची आई, अकबर बादशहाची राणी. आई म्हणायची, 'ती राणी बघ, तोंडानं कमी बोलती, डोळ्यानंच सगळं सांगती.'

पुढे पुष्कळ वर्षांनी एका जुन्या चित्रपटसूचीत मला उलगडा झाला. सलीमची आई झालेली ती नटी म्हणजेच रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना. आणि ती १९२८ सालच्या मूक 'अनारकली'ची अनारकली होती. १९३५ सालच्या बोलक्या 'अनारकली'चीही तीच. एकाच कथेत दोनदा नायिका आणि तिसऱ्यांदा नायकाची आई! तोंडाने कमी बोलून डोळ्यांनी सांगण्याची जी कला आईला यात्रेच्या तंबूत कळली, ती मूकपटातल्या नटीची कला होती.

ससूनचे नाव घेतो आपण

आता प्रश्न असा की, पुण्यात ज्यू कुठून आले? आपल्याकडचा माणूस मोठ्या दुखण्याला पुण्याला गेला की ससूनचे नाव निघतेच. ते ससून म्हणजे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी घराणे. डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईला आले. त्यांच्या मागोमाग इराक, इराणच्या बाजूची आणखी ज्यू कुटुंबे मुंबई, पुणे, कोलकाता या शहरांत स्थायिक झाली. पुण्याच्या कॅम्पात विटांच्या लाल बांधणीचे, उंच मनोऱ्याचे त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. पुणेकर त्याला सरळ 'लाल देऊळ' म्हणतात. डेव्हिड ससून यांची समाधी तिथेच आहे.

या बगदादी ज्यूंच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात राहणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायल. कोकणात, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज गलबत फुटून उतरले, अशी त्यांची परंपरागत कथा. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. यांची मातृभाषा मराठी. आडनावे गावांवरून पडलेली: चेऊलकर, पेणकर, नवगावकर. 'बूट पॉलिश'मधले प्रेमळ जॉनचाचा म्हणजे डेव्हिड तुम्हाला आठवत असतील. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

बगदादी ज्यू आणि बेने इस्रायल यांचा धर्म एक, पण भाषा, राहणी, रीतिरिवाज वेगळे. रूबी मायर्स पहिल्यांपैकी. मूकपटाच्या काळात फिरोजा बेगम या नावाने काम करणाऱ्या सुझन सॉलोमन या दुसऱ्यांपैकी. लोकसंख्येने मात्र दोन्ही समाज अगदी लहान. साऱ्या देशात मिळून ज्यूंची संख्या काही हजारांत मोजावी इतकीच होती. एवढ्या लहान समाजातल्या मुली आपल्या सिनेमाच्या पहिल्या रांगेत कशा येऊन बसल्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

बायको मिळेना, म्हणून साळुंके

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण लुगडे नेसून तारामती झाला. याच साळुंके यांनी पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. या कमलाबाई गोखले म्हणजे नट विक्रम गोखले यांच्या आजी. पण असे धाडस करणाऱ्या बायका अगदी थोड्या. नाटक-सिनेमात काम करणारी बाई म्हणजे घराण्याला बट्टा, ही समजूत सगळ्या जातीधर्मांत सारखीच घट्ट होती.

मग पडद्यावर कोण आले? ज्यांच्या घरात पडदा नव्हता, ज्यांना सोवळ्याओवळ्याचा धाक नव्हता, ज्यांच्या मुली इंग्रजी शिकून कचेऱ्यांत, दुकानांत, इस्पितळांत नोकऱ्या करू लागल्या होत्या, त्या समाजातल्या मुली. यात अँग्लो-इंडियन होत्या, ज्यू होत्या. पेशन्स कूपर, सीतादेवी या नावाने गाजलेली रेने स्मिथ, ही त्यातली काही नावे. फात्मा बेगम आणि त्यांची मुलगी जुबेदा यांच्यासारख्या मुसलमान स्त्रियाही होत्या. फात्मा बेगमनी तर १९२६ साली स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला.

यात एक तांत्रिक भागही आहे. त्या काळची कच्ची फिल्म लाल-पिवळा प्रकाश नीट टिपत नसे, निळा मात्र चटकन टिपी. त्यामुळे सावळा चेहरा होता त्याहून काळा दिसे. गोऱ्या चेहऱ्याचे छायाचित्रण सोपे जाई. फिल्म पुढे सुधारली, पण नायिका गोरीच हवी हा हट्ट काही सुटला नाही. तेव्हा या मुलींना जी संधी मिळाली, तिच्यात त्यांच्या धाडसाचा वाटा होता, तसा आपल्या गोऱ्या रंगाच्या हौसेचाही होता. दोन्ही गोष्टी मोकळेपणाने मान्य केलेल्या बऱ्या.

नंबर प्लीज

रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. आताच्या मुलांना हे काम सांगूनच समजवावे लागेल. समोर भोकांची मोठी पाटी, हातात दोऱ्या. फोन आला की कोणता नंबर हवा ते विचारायचे आणि एक दोरी काढून दुसऱ्या भोकात खोचायची. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसलेल्या आमच्या पिढीला ही अदृश्य बाई चांगली ठाऊक आहे. लोकांना तिचा फक्त आवाज ऐकू यायचा, चेहरा कधी दिसायचा नाही. रूबीचे पुढे नेमके उलटे झाले. साऱ्या देशाने तिचा चेहरा पाहिला, आवाज कोणी ऐकला नाही.

कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी तिला सिनेमात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा तिने आधी नकार दिला. ज्यू घरातही सिनेमाला मान नव्हता, हे इथे लक्षात घ्यायला हवे. पण भवनानींनी पिच्छा सोडला नाही. शेवटी अभिनयाचा काडीचाही अनुभव नसलेली ही मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९२५ साली 'वीर बाला' आला आणि रूबी मायर्सची सुलोचना झाली. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. नाव चपखल होते. शिवाय रामायणातले होते, पोथीपुराणात ऐकलेले होते. प्रेक्षकाला ते परके वाटले नाही. ज्यू मुलीला हिंदू नाव देऊन कंपनीने तिला त्याच्या घरात नेऊन बसवले.

टायपिस्ट, टेलिफोन गर्ल आणि बी.ए.

पण गंमत अशी की, नाव पुराणातले असले तरी तिने केलेली कामे पुराणातली नव्हती. चित्रपटांची नुसती नावे ऐका. 'टायपिस्ट गर्ल' १९२६ सालचा. चंदुलाल शहांनी तो अवघ्या सतरा दिवसांत पुरा केला. 'टेलिफोन गर्ल' त्याच वर्षीचा. स्वतःची मागची नोकरीच तिने पडद्यावर आणली. १९२९ सालचा 'इंदिरा बी.ए.' आणि १९३४ सालचा 'इंदिरा एम.ए.'. पाच वर्षांत आपली नायिका पदवीधराची पदव्युत्तर झाली! आपल्या नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले १९५० साली, आणि आज विष्णुपुरीला ज्या विद्यापीठात आपल्या लेकी खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येतात ते स्थापन झाले १९९४ साली. म्हणजे बी.ए. झालेली मुलगी ही आपल्या घरी येण्याच्या कितीतरी आधी पडद्यावर आली, आणि ती सुलोचनेच्या रूपात आली.

मी या चित्रपटांना क्रांतिकारक वगैरे म्हणणार नाही. शिकलेली मुलगी बिघडते की काय, ही काळजी त्यांतही असायचीच. पण लुगड्याच्या पदराआड रडणाऱ्या बाईखेरीज बाईचे आणखीही रूप असू शकते, ती नोकरी करते, पगार आणते, स्वतःचे लग्न स्वतः ठरवू पाहते, ही गोष्ट लाखो लोकांनी अंधारात बसून का होईना, पाहिली.

१९२७ सालचा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' तर अफाटच. भवनानींच्या या चित्रपटात सुलोचनाबाईंनी आठ भूमिका केल्या. माळी, पोलिस, रस्त्यावरचा पोर, सोनेरी केसांची गोरी बाई, आणि आपल्याला आवडेल अशी भूमिका म्हणजे हैदराबादी गृहस्थ! चौदा वर्षांपूर्वी बाई मिळत नव्हती म्हणून पुरुषाला लुगडे नेसावे लागले होते. आता एक बाई पुरुषाचे कपडे घालून पोलिस आणि हैदराबादी गृहस्थ होत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पडद्यावरचा तो हैदराबादी म्हणजे एका अर्थाने आपलाच माणूस.

लोकप्रियता एवढी की, महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन करताहेत अशी एक छोटी फिल्म दाखवताना तिला 'माधुरी' चित्रपटातला सुलोचनाबाईंचा नाच जोडून दाखवला गेला. गांधीजींच्या जोडीला सुलोचना! यापेक्षा मोठी पावती ती कोणती?

त्यांच्या पगाराविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. त्यांना महिना पाच हजार रुपये मिळत आणि ते मुंबईच्या गव्हर्नरच्या पगारापेक्षा जास्त होते. गोष्ट ऐकायला छान आहे, पण हिशेब जुळत नाही. गव्हर्नरचा पगार वर्षाला लाखाच्या वर होता, म्हणजे महिन्याला आठ हजारांहून अधिक. पण लोकांना ही गोष्ट खरी वाटली, यातच सारे आले. ज्या काळात सोने तोळ्याला पन्नास रुपयांच्याही आत होते, त्या काळात एक बाई स्वतःच्या कमाईवर एवढी मोठी झाली की तिची तुलना थेट लाटसाहेबाशी करावीशी वाटली.

सिनेमा बोलू लागला

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपला सिनेमा बोलू लागला. निर्माते इंपीरियल कंपनीचे अर्देशिर इराणी. सुलोचनाबाई याच कंपनीच्या सर्वात मोठ्या नटी. पण नायिका झाली जुबेदा. कारण उघड होते. सुलोचनाबाईंना हिंदुस्थानी धड येत नव्हते. मूकपटात पात्रांचे बोलणे पाट्यांवर लिहून येई, भाषेची अडचण पडत नसे. आता डोळ्यांबरोबर जीभही लागणार होती.

आणि योगायोग पाहा. ज्या 'आलम आरा'ने एका ज्यू नटीची वाट अडवली, त्याची कथा लिहिली होती जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी, म्हणजे कोकणातल्या पेणचे नाव लावणाऱ्या एका बेने इस्रायल लेखकाने!

पुष्कळ मूकपट नट-नटी या वळणावर कायमच्या घरी बसल्या. सुलोचनाबाईंनी एक वर्ष काम थांबवले आणि हिंदुस्थानी शिकल्या. शिखरावर पोचलेल्या माणसाने पुन्हा पाटी-पेन्सिल हातात घेणे सोपे नसते. १९३२ साली बोलक्या 'माधुरी'तून त्या परत आल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचाच, 'सुलोचना' नावाचा चित्रपट निघाला. मग आपलेच गाजलेले मूकपट त्यांनी पुन्हा बोलके करून दाखवले. 'अनारकली' १९३५ साली, आणि 'वाइल्डकॅट' १९३६ साली 'बंबई की बिल्ली' या नावाने. डी. बिलिमोरिया यांच्याबरोबरची त्यांची जोडी त्या दशकात गाजत राहिली.

पण काळ बदलत होता. आता गळ्यात गाणे असणारी नटी हवी होती. १९३८ साली इंपीरियल कंपनी बंद पडली. सुलोचनाबाई तेव्हा जेमतेम एकतिशीच्या होत्या, पण त्यांचा नायिकेचा काळ सरला. पुढे त्या लहानमोठी चरित्रकामे करीत राहिल्या. १९४७ सालच्या दिलीपकुमार-नूरजहाँच्या 'जुगनू'त त्या होत्या. आणि १९५३ सालच्या 'अनारकली'चे दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल यांनीच १९३४ साली त्यांना 'इंदिरा एम.ए.' केले होते. त्याच दिग्दर्शकाच्या हाताखाली, दुसऱ्या अनारकलीकडे पाहत, त्या राणीच्या वेषात उभ्या राहिल्या. माझ्या आईने माळेगावला पाहिली ती हीच राणी.

१९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार रूबी मायर्स यांना मिळाला. हा मान मिळालेल्या त्या देविकाराणींनंतरच्या दुसऱ्याच स्त्री. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार पुण्याच्या या ज्यू लेकीला मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०१३ साली भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

विद्या आणि माया

आता त्यांच्या प्रभावाविषयी. एक म्हणजे, त्यांच्यामागून आलेल्या मुलींना वाट दिसली. दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घरातल्या, शिकलेल्या स्त्रीने १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामतीचे काम केले, तेव्हाही चर्चा व्हायची ती झालीच. पण सिनेमातली बाई नावलौकिक, पैसा आणि मान मिळवू शकते, हे तोवर सगळ्यांनी पाहिले होते. त्यात सुलोचनाबाईंचा वाटा मोठा होता.

दुसरे म्हणजे, ज्यू नट्यांची एक परंपराच त्यांच्यामागे उभी राहिली. कोलकात्याच्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, पडद्यावरच्या प्रमिला. १९४७ सालच्या त्या पहिल्या मिस इंडिया. त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढून चित्रपट निर्माण केले. त्यांचे चिरंजीव हैदर अली तुम्ही दूरदर्शनच्या 'नुक्कड' मालिकेत पाहिले असतील. २००८ सालच्या 'जोधा अकबर'ची कथा त्यांचीच. आणि अर्थातच नादिरा. खरे नाव फ्लॉरेन्स इझिकेल, जन्म बगदादचा. मेहबूब खान यांच्या १९५२ सालच्या 'आन'मधली ती मानी राजकन्या. 'ज्युली'तल्या आईच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईत त्या गेल्या.

नादिरांच्या एका भूमिकेवर मला थोडे थांबायचे आहे. १९५५ सालचा राज कपूर यांचा 'श्री ४२०' आठवा. त्यात दोन बायका आहेत. नर्गिस झाली आहे शिक्षिका, साधी सुती साडी नेसणारी, नाव विद्या. नादिरा आहे क्लबात जाणारी, हातात लांब नळीची सिगारेट धरणारी, नाव माया. विद्या चांगली, माया वाईट. नावातच निकाल लागलेला.

१९२६ मध्ये कापलेले केस, इंग्रजी बोलणे, मोकळे हसणे, स्वतःची कमाई हे सगळे एकाच बाईजवळ होते आणि ती नायिका होती. तिचे नाव सुलोचना होते. तीस वर्षांनी त्याच बाईचे आपण दोन तुकडे केले. नोकरी आणि शील विद्येला दिले. मोकळेपणा, इंग्रजी आणि पाश्चात्त्य कपडे मायेला दिले. देश स्वतंत्र झाला होता, भारतीय स्त्री कोण हे ठरवायची घाई होती. त्या घाईत ज्यू आणि ख्रिस्ती चेहऱ्यांच्या वाट्याला खलनायिका आली. नादिरा मोठ्या ताकदीच्या नटी, पण पुढे कितीतरी वर्षे त्यांना तसलीच कामे मिळत गेली.

हे फक्त सिनेमापुरते नाही. नोकरीला लागलेली मुलगी जरा मोठ्याने हसली, जीन्स घालून गावात आली, की पारावरची मंडळी अजून मनात तिची माया करून टाकतात. विद्या की माया, असा कौल मागायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे आपण कधी स्वतःला विचारत नाही.

नाव उरले, माणूस गेले

१९४८ नंतर आपल्याकडचे बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. लक्षात घ्या, त्यांना इथून कोणी हाकलले नाही. शेकडो वर्षे राहून ज्या देशात यहुद्यांना केवळ यहुदी म्हणून छळ सोसावा लागला नाही, अशा थोड्या देशांत आपला देश आहे, आणि ही अभिमानाची गोष्ट आहे. तिकडे गेलेल्या बेने इस्रायलांनी मराठीही नेली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवले. इकडे उरलेले ज्यू आता काही हजारच आहेत. मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना ज्यू म्हणजे काय हे इतिहासाच्या पुस्तकातूनच कळते, तेही जर्मनीच्या धड्यात.

तिथेच मला खटकते. ज्यू म्हणजे दूरदेशी कुठेतरी मारले गेलेले लोक, एवढेच आपल्या मुलांना ठाऊक. ते आपल्या तेलाच्या घाण्यावर होते, आपल्या दवाखान्याच्या नावात आहेत, पहिल्या बोलपटाच्या कथेत आहेत, हे ठाऊक नाही. २०१७ साली डॅनी बेन-मोशे या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने 'शालोम बॉलीवूड' नावाचा माहितीपट काढून या नट-नट्यांची गोष्ट जगापुढे मांडली. आपल्या घरची गोष्ट आपल्याला पाहुण्याने सांगावी लागली.

रूबी मायर्सच्या बाबतीत तर तिच्या नावानेच घात केला. तिने गाजवलेले नाव पुढे आणखी थोर बायकांनी मिळवले. भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेल्या आपल्या सुलोचनादीदी २०२३ साली गेल्या, लावणीसम्राज्ञी सुलोचनाबाई चव्हाण त्याआधी २०२२ साली. दोघी आपल्याच आणि दोघींचे ऋण मोठे. पण जुन्या हिंदी चित्रपटांच्या याद्यांत आजही या सुलोचनेचे काम त्या सुलोचनेच्या खात्यावर मांडलेले आढळते. आणि तिचे बहुतेक मूकपट तर आता शिल्लकच नाहीत. त्या काळची फिल्म जळकी, नासकी. कोणी नीट सांभाळून ठेवली नाही. त्यामुळे 'वाइल्डकॅट'मधला तो हैदराबादी गृहस्थ आता आपल्याला कोणालाच दिसणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती विद्यापीठातली मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, 'सर, इंद्रजिताची सुलोचना लोकांना माहीत आहे, कारण कोणीतरी दर वर्षी तिची कथा सांगतं. हिची कोणी सांगत नाही, म्हणून माहीत नाही.' मला तिचे म्हणणे पटले. गोष्ट सांगत राहिले तरच माणूस टिकते.

पुण्यात १९०७ साली एक ज्यू मुलगी जन्मली. आपल्या लेकीबाळींना पडद्यावर जाण्याची बंदी होती, तेव्हा ती गेली. आपले नाव घेऊन गेली, आपली भाषा शिकली, आणि पडद्यावर आपल्यासाठी टायपिस्ट झाली, बी.ए. झाली, एम.ए. झाली, पोलिससुद्धा झाली. पुढच्या वेळी घरी टीव्हीवर जुना 'अनारकली' लागला, तर गाण्यांसाठी जरूर पाहा. पण सलीमची आई पडद्यावर आली की मुलांना जवळ बोलवा आणि सांगा, ही रूबी मायर्स. ही आपली पहिली सुलोचना.